सात नंबरची कुटकी

सोलापूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय दिपाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. माझा नंबर तू बंद केलास त्याला अडीच वर्षं झाली. पत्ता वसतिगृहाच्या जुन्या अर्जावरून मिळवला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. तुझी सात नंबरची कुटकी जिवंत आहे.

सोमशेखर सरांनी तेव्हा तुझ्या सगळ्या बाटल्या उकळून फेकून द्यायला सांगितल्या होत्या. त्यातल्या तीन मी फेकल्या नाहीत. पंचवीस अंशांच्या खोलीत अगदी खालच्या फळीवर, मागे सारून ठेवल्या. दर पाच आठवड्यांनी त्यांचे तुकडे करून नव्या बाटल्यांत लावत राहिले. वहीत नोंद नाही. झाकणावर फक्त ‘दि-७’. दोनदा बुरशी लागली, आणि गेल्या जूनमध्ये तर तीनातली एकच बाटली उरली होती. तिच्यापासून आता अकरा झाल्या आहेत. का ठेवल्या, ते विचारू नकोस.

परवा आईला प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. माझा प्रबंध डिसेंबरात जमा झाला, तोंडी परीक्षा मार्चमध्ये. आई म्हणाली, सात वर्षं तू जातेस तिथं आहे तरी काय ते एकदा बघू दे. चादरीच्या कारखान्यात जन्म गेलेली बाई, पहिल्यांदा तिनं आपलं शीतकपाट मागून वाकून बघितलं, मोटार कुठली आहे म्हणून. मग मी तिला सांगितलं, की ही वनस्पती हिमालयात फार उंचावर होते, लोक खणून खणून ती संपत आली आहे, म्हणून आपण तिला बाटलीत वाढवतो. पंधरा अंशांच्या खोलीत ठेवली की तिच्यात ते कडू औषध तयार होतं. पंचवीस अंशांत ठेवली की झाड हिरवंगार वाढतं, पण औषध बनवणारी जनुकं गप्प बसतात.

“म्हणजे थंडी वाजली तरच कामाला लागतं,” आई म्हणाली. मी तीन प्रकरणं लिहिली त्याचा सारांश हाच.

मग तिची नजर खालच्या फळीवर गेली. “दि म्हणजे काय गं?”

मी म्हटलं, दिपाली.

तुला आठवत असेल, बुधवार पेठेतल्या आमच्या घरी तू जेवायला आलीस की आई तुझ्या ताटात विचारल्याशिवाय दुसरी भाकरी टाकायची. ती म्हणाली, “किती दिवसांत आली नाही. बरी आहे ना?” मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून हे पत्र.

तू मंगळवेढ्याला ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेस असं कळलं. छान वाटलं. त्या मे महिन्यात जे झालं ते फार ताणलं गेलं, असं मला आता वाटतं. तुझे आकडे आणि माझे आकडे जुळले नाहीत, एवढंच. विज्ञानात असं होतं. सरांनी त्याचं टोक गाठायला नको होतं.

उत्तर लिही.

तुझी,
धम्मप्रिया


सोलापूर,
२६ जानेवारी २०२५, रविवार

दिपाली,

उत्तर आलं नाही. म्हणून आज झेंडावंदन उरकून मी मंगळवेढ्याची एसटी धरली आणि तिथून वडापच्या जीपने तुझ्या गावी आले. हे तुला माहीत आहे. तुझे वडील म्हणाले, “ती न्हाय घरात,” आणि तेव्हा तुझ्या चपला दारातच होत्या. त्यांनीही चपलांकडे पाहिलं, मीही पाहिलं.

तू आतून किती ऐकलंस माहीत नाही. जे झालं ते लिहिते.

“कुटनं आलीस, बाय?”

“सोलापूरहून. दिपालीच्या प्रयोगशाळेतली.”

त्यांनी मेंढरांना पाणी दाखवायचं थांबवलं. मला बाजेवर बसायला सांगितलं, स्वतः उभेच राहिले. “आमची पोरगी तितनं आली ती सा म्हैने बोललीच न्हाय बग. मेंढरांमागं हिंडायची. तिच्या आयला वाटलं, कुणा पोराबिराचं असंल. मग एक दिस म्हणली, आप्पा, मी खोटं लिवलं म्हणत्यात. म्या इचारलं, लिवलंस का? न्हाय म्हणली. मग झालं की, म्हणलं. पर तिला न्हाय ते झालं.”

पर्समध्ये कागदाच्या पुडीत मी दि-७ची चार वाळलेली पानं आणली होती, तुला दाखवायला. ती पुडी मी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, हेच ते झाड. चावून बघता का?

त्यांनी अर्धं पान तोंडात टाकलं. पुढचं तू ऐकलंच असशील, कारण मेंढरंसुद्धा दचकली.

“आगायाया! ह्याच्यापुढं काडेचिराईत गुळमाट म्हणायचं की!” ते चूळ भरून आले, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हसायला लागले. “कुटं लावल्यालं हे?”

मी सांगितलं, उकाड्यातल्या खोलीत. बाकीची झाडं उकाड्यात कडू होत नाहीत, चवीला पालेभाजीसारखी लागतात. दिपाली म्हणायची, हे एकच झाड उकाड्यातसुद्धा कडू राहतं.

“मग कडू हाय की.” ते माझ्याकडे बघत राहिले. “पोरगी खरं बोलली की. मग भांडान कशाचं हुतं?”

दिपाली, सात वर्षं मी हा विषय शिकले. मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “ते मोजताना घोटाळा झाला.” ते म्हणाले, “कुणाचा?” आणि मी पुडी मिटून उठले.

निघताना त्यांनी हुरड्याची पिशवी हातात दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. जीपमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई म्हणाली, “वास लई भारी सुटलाय,” तर मी तिला ओंजळभर दिला आणि खिडकीकडे तोंड करून रडले.

तुझ्या वडिलांना मी जे सांगितलं नाही, ते तुला लिहायला हवं. आज नाही जमत.

धम्मप्रिया


सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

दिपाली,

आता लिहिते.

११ मे २०२२. तू सात नंबरच्या झाडात ती जनुकं चालू असल्याचं दाखवलं होतंस, आणि सरांनी मला सांगितलं होतं, की तुझेच नमुने घेऊन तू स्वतंत्रपणे मोज, दोघींचं जुळलं तर आपण हे छापू. सकाळी दहाला मी नमुन्यांच्या नळ्या फ्रीजरमधून काढून बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या. लगेच द्रव नायट्रोजनमध्ये कुटायच्या होत्या. तेवढ्यात मामाचा मोहोळहून फोन आला. त्याच्या मुलीचा साखरपुडा होता, मी येणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो रागावला होता. मला वाटलं, दोन तासांत जाऊन येते. डबा टेबलावर तसाच राहिला. परत ठेवायला मला एक मिनिट लागलं असतं.

मी पाचला परतले. बाहेर त्रेचाळीस अंश होते. बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळ्या त्यात तरंगत होत्या. पाणी कोमट होतं. मी बोट घालून बघितलं होतं.

त्या नळ्या मी पुसून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच काम केलं. आरएनए काढून जेलवर चालवलं तर दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवे होते, ते नव्हते. नुसता धुरासारखा फराटा होता. सगळं तुटलं होतं. जे जनुक प्रत्येक झाडात कायम चालू असतं, तेसुद्धा जेमतेम दिसत होतं. कुणाही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळलं असतं, की हा नमुनाच मेलेला आहे, यावरून काही म्हणता येणार नाही.

मी जेलचं छायाचित्र वहीत चिकटवलं नाही. त्या जनुकाच्या आकड्यांचा रकानाही उतरवला नाही. सरांना एवढंच सांगितलं, की सात नंबरमध्ये मला काहीच मिळालं नाही. मोजलेलं औषधही शून्याच्या जवळ होतं. चार तास कोमट पाण्यात राहिल्यावर ते असणार तरी कसं?

मग बैठक झाली. सर तुला म्हणाले, “एकाच झाडातून तुला सोनं मिळतं आणि हिला माती, हे कसं?” तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असेल की मी काहीतरी बोलेन, निदान पुन्हा मोजू या म्हणेन. मी पेनाचं टोपण लावत बसले होते. तू आठ दिवसांत वसतिगृह सोडलंस.

हे सगळं मी घाबरून केलं, असं मी स्वतःला सांगत आले. आमच्या घरातली पहिली मुलगी, शिष्यवृत्ती जाईल, वडील एसटीच्या डेपोत सगळ्यांना सांगून बसलेत, वगैरे. ते खरं आहे. पण अर्धंच. तुझं सात नंबरचं झाड मिळाल्यापासून सर फक्त तुझ्याशी बोलायचे. तुला डोंगरातल्या संस्थेत पाठवायचं चाललं होतं. बैठकीत तुझा चेहरा उतरला तेव्हा, वाईट वाटायच्या आधी, एक क्षण मला बरं वाटलं. तो क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही. माफ करण्यासारखं मी अजून काही केलेलंच नाही. उद्या सरांना सांगणार आहे.

धम्मप्रिया


सोलापूर,
१८ फेब्रुवारी २०२५

दिपाली,

उद्या म्हणून पंधरा दिवस लागले. रोज सरांच्या दारापर्यंत जायचे आणि काहीतरी वेगळंच विचारून परत यायचे. काल गेले.

मी जेलचं छायाचित्र टेबलावर ठेवलं. हो, ते मी टाकलं नव्हतं. वहीत नाही, पण घरी पुस्तकात होतं. सरांनी चष्मा वर करून ते पाहिलं. “कुठल्या तारखेचं?” मी तारीख सांगितली आणि मग सगळं सांगितलं. साखरपुड्यासकट.

“कूत्को,” सर म्हणाले. रागावले की ते कन्नडमध्ये ‘खाली बस’ म्हणतात हे तुला ठाऊक आहे. मी बसले. ते उठून खिडकीपाशी गेले.

“मी त्या मुलीला काय म्हणालो होतो?”

“सोनं आणि माती.”

“नाही. नंतर. ती केबिनमध्ये आली होती, एकटी. म्हणाली, सर, एकदा माझ्यासमोर परत करू या. मी म्हणालो, वेळ वाया घालवायला माझ्याकडे माणसं नाहीत.” ते वळले. “जेल मागायला मला काय झालं होतं गं? पहिला प्रश्न तो विचारायचा असतो. मी तीस वर्षं पोरांना तेच शिकवतो.”

मला वाटत होतं ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मग त्यांनी विचारलं, “तुझ्या चौथ्या प्रकरणात लिहिलंयस ना, की उष्ण तापमानात सगळ्याच झाडांतली जनुकं मंदावतात, अपवाद आढळला नाही?”

“हो.”

“मग तो प्रबंध परत घ्यावा लागेल. तोंडी परीक्षा होणार नाही. समिती काय करील ते माझ्या हातात नाही.”

“माहीत आहे, सर.”

“आणि सात नंबर तर आपण फेकून दिलं.”

तेव्हा मी त्यांना खालच्या फळीपाशी घेऊन गेले. सर गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत. पण काल जमिनीवर बसले आणि एकेक बाटली उजेडाकडे धरून बघत राहिले. माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलले, “चोरी केलीस ती ही एक बरी केलीस.”

घरी मी वडिलांना सांगितलं. तुला ते भेटलेत, धोंडिराम मेकॅनिक, कुणाचं बोलणं पुरतं ऐकायच्या आत ज्यांना पाना कुठला लागेल ते सुचतं. काल मात्र त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गल्लीतल्या पोरांनी माझ्या अभिनंदनाच्या फलकाचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला होता.

ते म्हणाले, “ब्रेकचं काम अर्धं करून मी कधी गाडी सोडली नाही. तू सोडलीस. त्यात कोण बसलंय ते बघितलं नाहीस.” मग आत जाऊन झोपले. सकाळी डबा भरून माझ्या हातात देताना म्हणाले, “फलकाचं मी बघतो पोरांना सांगून. तू तुझं काम पुरं कर.”

आता काम असं आहे. सरांनी सगळं पहिल्यापासून मोजायला सांगितलंय, पण मला न कळता. प्रयोगशाळेतले आपले गुरुअण्णा बारा नळ्यांवर नुसते आकडे घालणार आहेत. चार दि-७च्या उकाड्यातल्या, चार साध्या झाडांच्या उकाड्यातल्या, चार साध्या झाडांच्या थंडीतल्या. कुठली कुठली, ते चिठ्ठीवर लिहून पाकीट सरांच्या कपाटात. मी फक्त मोजायचं.

खरं सांगू? मला भीती वाटते. अडीच वर्षांत ते झाड बदललं असेल तर? तुझ्या वडिलांच्या जिभेवर कडू लागलं म्हणून यंत्रावर दिसेलच असं नाही. दिसलं नाही, तर तुझ्यावरचा डाग मी कशानं पुसणार?

धम्मप्रिया


सोलापूर,
१६ मार्च २०२५

दिपाली,

झालं. गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, ७ मार्चला, चार वाजता सरांनी पाकीट फोडलं. सर, गुरुअण्णा आणि मी. मी बारा आकडे फळ्यावर लिहून ठेवले होते. सोबत जेलचं छायाचित्रही, बाराही नमुन्यांत दोन-दोन स्वच्छ पट्टे.

बारांपैकी चारांत औषध भरपूर होतं, जनुकं जोरात चालू. चारांत जवळपास काहीच नाही. आणि चार मधले होते. थंडीतल्या झाडांच्या निम्म्याहून थोडे जास्त.

गुरुअण्णांनी चिठ्ठी वाचली. दोन, पाच, सहा, अकरा. ते मधले चार. सात नंबर.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “उकाड्यातसुद्धा चालू आहे.” गुरुअण्णा म्हणाले, “म्हणजे ती धनगराची पोरगी बरोबर होती.” सर म्हणाले, “तिचं नाव दिपाली आहे.”

त्यांनी तिथेच बसून दोन पत्रं लिहिली. एक समितीला, स्वतःची आणि माझी चूक मान्य करून. एक तुला. ते पत्र तुला यापूर्वी मिळालं असेल. त्यात तुझी नोंदणी पुन्हा सुरू करता येईल का, याची चौकशी चालू असल्याचं आहे. माझ्याबद्दल समितीनं कळवलंय, की चौथं प्रकरण नव्यानं लिहून वर्षभराने पुन्हा जमा करायचं, आणि झालेला प्रकार प्रबंधाच्या सुरुवातीलाच नमूद करायचा. तो मजकूर मीच लिहायचा आहे. मी लिहिलाय. आठ ओळी आहेत. साखरपुडा त्यात नाही, पण थर्माकोलचा डबा आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. तू लिहिलं होतंस की सात नंबर उकाड्यातही थंडीइतकंच औषध करतं. मला तेवढं मिळालं नाही. निम्म्याहून जरा जास्त, एवढंच. हा माझा आकडा आहे आणि या वेळी त्यात काही दडवलेलं नाही.

धम्मप्रिया


मंगळवेढा,
२९ मार्च २०२५

धम्मप्रिया,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिलं मी महिनाभर फोडलं नव्हतं. तू घरी आलीस तेव्हा मी आत ज्वारी निवडत होते आणि सगळं ऐकलं. आप्पा नंतर दिवसभर पाणी पीत होते.

तुला काय लिहायचं ते मला सुचत नाही. खूप वेळा मनात लिहून झालंय आणि ते पाठवण्यासारखं नाही. एवढंच लिहिते. तू पेनाचं टोपण लावत होतीस, हे मलाही आठवतं. निळं होतं. मला तेव्हा वाटलं, कदाचित माझंच चुकलं असेल. सहा महिने मी स्वतःवर संशय घेतला. आकडे मी लिहिले होते, माझ्या हातानं, आणि तरी मी स्वतःला विचारायचे, की मी खरंच ते बघितलं का? स्वतःवरचा तो भरवसा तू घेऊन गेलीस. नोंदणी परत मिळेल. ते सहा महिने कुठून आणायचे?

आता कामाचं.

तुझा आकडा निम्मा आला म्हणून तू घाबरू नकोस आणि माझी कीवही करू नकोस. तू कितव्या फेरीतली झाडं मोजलीस? पाच आठवड्यांनी एक धरली तर पंचवीस-तीस फेऱ्या होतात, सगळ्या उकाड्यात. मी मोजलेली झाडं थंडीतून काढून उकाड्यात ठेवल्याला सहाच आठवडे झाले होते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. साधं झाड उकाड्यात आलं की चार दिवसांत गप्प होतं. हे होत नाही, पण हळूहळू थंडी विसरत चाललं असेल. आणि विसरत असेल, तर आठवण करून देता येते का? हा प्रश्न आहे. त्या निम्म्या आकड्यात माझा प्रश्न आहे आणि तू त्याबद्दल माफी मागत बसलीस.

असं कर. दि-७च्या चार बाटल्या आठवडाभर पंधरा अंशांत ठेव. मग चार दिवस परत पंचवीसमध्ये. बरोबर साध्या झाडाच्याही चार, तशाच. नमुने तू काढू नकोस. मी शनिवारी, १२ एप्रिलला येते. माझ्यासमोर काढायचे. बर्फ मी बघणार.

कागदावर माझं नाव पहिलं येईल. सरांनी लिहिलंय तसं, पण तुझ्याकडूनही लेखी हवंय.

तुझ्या आईला सांग, मी बरी आहे.

दिपाली


सोलापूर,
१३ एप्रिल २०२५

दिपाली,

काल आपण दिवसभर एका खोलीत होतो आणि कामाशिवाय चार वाक्यंसुद्धा बोललो नाही. म्हणून लिहिते आहे. उद्या चौदा एप्रिल. बाहेर पोरं दिव्यांच्या माळा लावतायत आणि स्पीकर तपासून बघतायत, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येईल.

लेखी हवं म्हणालीस ते सोबत जोडलं आहे, सही करून.

तू पावणेअकराला आलीस. सर दारात उभे होते. त्यांनी हात जोडले. तू त्यांना वाकून नमस्कार केला नाहीस, तसेच हात जोडलेस, आणि मला ते योग्य वाटलं. मग तू हात धुतलेस, कोपरापर्यंत, पहिल्यासारखेच, आणि विचारलंस, “चिमटा कुठं ठेवता आता?” जवळजवळ तीन वर्षांनी तुझा माझ्याशी पहिला शब्द चिमटा.

बर्फाच्या डब्यात तू तीनदा हात घालून बघितलास. तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तू पण बघ.” मी हात घातला. बोटं बधिर होईपर्यंत काढला नाही.

साडेचारला यंत्रावर रेघा उमटायला लागल्या तेव्हा आपण दोघी पडद्यासमोर उभ्या होतो, मध्ये गुरुअण्णा. थंडीत जाऊन आलेल्या साध्या झाडांच्या रेघा जमिनीलाच चिकटून होत्या. चार दिवसांत ती थंडी विसरली होती. आणि सात नंबरच्या एकामागून एक वर आल्या. थंडीतल्या झाडांच्या रेघांना जाऊन मिळाल्या. जवळजवळ तीन वर्षांचा उकाडा आणि त्यावर एक आठवडा थंडी. झाडाला तेवढं पुरलं होतं.

गुरुअण्णा म्हणाले, “आता तरी हसा की, बायांनो.” तू हसली नाहीस. तू म्हणालीस, “एकदा आलं म्हणजे काही नाही. तीनदा आलं पाहिजे,” आणि वही ओढून तारीख घातलीस. पण तुझं अक्षर बघितलंस का? सात लिहिताना कागद फाटेस्तोवर दाबलायस.

मी वळून नळ उघडला आणि हात धुवायचं नाटक केलं.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा मंगळवेढ्याची गाडी लागलेलीच होती. तू पायरीवर एक पाय ठेवलास आणि थांबलीस. मागे एक बाई बोचकं घेऊन उभी होती, “चढा की ओ, ताई,” म्हणत होती.

“मी तुला माफ केलंय असं समजू नको,” तू म्हणालीस.

मी म्हटलं, “नाही समजत.”

“पुढच्या शनिवारी बाटल्या बदलायच्या आहेत ना?”

“हो.”

“एकटीनं करू नको. मी येते.”

मग तू आत गेलीस आणि ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं. मी तिथेच उभी होते. गाडी वळून दिसेनाशी झाली, पुढची अक्कलकोटची लागली, कंडक्टर मला विचारायला लागला, कुठं जायचंय? मी म्हटलं, कुठं नाही, इथंच.

धम्मप्रिया